कशावरून? माहितीचा उतारा वाचताना मुलांना आधार दाखवायला कसे शिकवावे

आमच्या रविवारच्या मराठी वर्गात चौथी ते आठवीची बारा-चौदा मुले येतात. बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांतल्यासारखीच ही मुले. घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, गल्लीत तिन्ही. एका रविवारी विश्वामित्री नदीतल्या मगरींवरचा छोटा उतारा वाचून झाला आणि मी विचारले, "मगरी सकाळी काठावर उन्हात का पडून राहतात?" सगळे हात वर. "आळशी असतात म्हणून." "पोट भरलं की झोपतात." "काकू, माझ्या मामांनी काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून बघितलंय, त्या माणसाची वाट बघत पडतात."

उतारा प्रत्येकाच्या हातात होता आणि उत्तर त्यातच होते. पण एकानेही मान खाली घालून कागदाकडे पाहिले नाही.

मुलांना वाचता येत नव्हते असे मुळीच नाही. घडाघडा वाचली होती. पण वाचून झाले की कागद मिटायचा आणि डोक्यात जे आधीपासून आहे ते सांगायचे, अशी त्यांची सवय होती. शाळेतल्या परीक्षेत याच्या उलट सवय दिसते: प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात सापडला की तिथून चार ओळी उतरवून काढायच्या. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते. मी म्हणतो ते कोणत्या शब्दांच्या जोरावर म्हणतो, हे मूल स्वतःला विचारतच नाही.

आपल्याकडे यासाठी एक फार चांगला शब्द तयार आहे: कशावरून? घरात भांडण झाले की आई तोच विचारते. "त्यानेच घेतलं कशावरून म्हणतेस?" गुजराती शाळेतल्या मुलांना "शा परथी?" ओळखीचे असते. मी वर्गात 'पुरावा', 'आधार', 'अवतरण' हे शब्द पुढे शिकवते, पण पहिला महिनाभर कशावरून एवढ्या एकाच शब्दावर काढते. खाली लिहिलेली पद्धत अशीच करत करत जमत गेली आहे. शाळेतल्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-बाबा, आजी-आजोबांनाही ती वापरता येईल.

आधी उतारा नको

पहिल्या दिवशी कागद वाटू नका. टेबलावर चार वस्तू ठेवा. मी चहाचे दोन रिकामे कप, एका बशीत बिस्किटाचा चुरा, घडी केलेले वर्तमानपत्र आणि चष्म्याचे घर ठेवते. विचारते, "इथे कोण बसलं होतं?"

"आजोबा!"

"कशावरून?"

"चष्म्याचं घर आहे ना."

"चष्मा आजोबाच लावतात?"

इथे वर्गात दोन-तीनजणांचे हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे जातात. मग कोणीतरी सावकाश म्हणते, "चष्मा लावणारं कोणीतरी बसलं होतं." शाबास. तेवढेच म्हणता येते, त्याहून जास्त नाही. "किती माणसं होती?" "दोन." "कशावरून?" "कप दोन आहेत." "एकाच माणसाने दोनदा चहा घेतला असेल तर?" या प्रश्नावर वर्गात वाद होतो आणि तो होऊ द्यावा. आधार असतो म्हणजे नेमके काय असते, तो किती वजन पेलतो, हे मुलांना इथे हाताने चाचपता येते. पुढे वाक्यांबाबत हेच करायचे असते. वाक्ये नुसती डोळ्यांना दिसतात, वस्तू उचलून बघता येते, म्हणून सुरुवात वस्तूंनी.

याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगून टाकते. मराठीत 'म्हणे' हा छोटासा शब्द आहे. "मगर रडते म्हणे." "त्या वाड्यात भुयार आहे म्हणे." ज्या वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावावेसे वाटते ते ऐकीव असते. ऐकीव गोष्ट खोटी असतेच असे नाही, पण तिच्यावर बोट ठेवता येत नाही. मुलांना हे इतके पटकन कळते की पुढे कोणी उताऱ्याबाहेरचे उत्तर दिले की बाकीची मुलेच ओरडतात, "म्हणे!"

उतारा कसा असावा

आठ ते बारा वाक्ये पुरतात. विषय मुलांना अर्धवट माहीत असलेला घ्यावा. अजिबात माहीत नसेल तर ती शब्दांतच अडकतात, आणि पूर्ण माहीत असेल तर कागद वाचतच नाहीत. मगरी यासाठी उत्तम, कारण बडोद्यातल्या प्रत्येक मुलाकडे मगरीची एक तरी गोष्ट असते. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर तर प्रत्येकाकडे दोन-दोन.

उतारा झेरॉक्स करण्याआधी प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या आणि उजवीकडे रुंद समास सोडा. क्रमांक देण्याचे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळू नका. "कुठे आहे?" या प्रश्नाला "त्या तिथे, वरती" असे उत्तर येते तोवर चर्चा पुढे सरकत नाही. "वाक्य चार" म्हटले की सगळ्यांची बोटे एकाच जागी येतात.

माझा मगरींचा उतारा असा आहे. हवा तर जसाच्या तसा वापरा.

(१) विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरात उगम पावते आणि बडोदे शहरातून वाहते. (२) शहरातल्या तिच्या पात्रात मगरी राहतात. (३) मगरी थंड रक्ताच्या असतात; त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवापाण्याप्रमाणे बदलते. (४) त्यामुळे हिवाळ्यात सकाळी त्या काठावर येऊन ऊन खात पडतात. (५) मगरी मुख्यतः मासे खातात; पक्षी, कासवे आणि इतर जनावरेही त्या पकडतात. (६) मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. (७) पावसाळ्यात नदीला पूर आला की काही मगरी पाण्याबरोबर वस्तीत शिरतात. (८) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगरीला मारणे किंवा परवानगीशिवाय पकडणे हा गुन्हा आहे.

बोट ठेव, मग बोल

उतारा दोनदा वाचायचा. एकदा मी मोठ्याने, एकदा मुले मनात. प्रश्न त्यानंतर. नियम एकच: आधी बोट ठेवायचे, मग तोंड उघडायचे. ज्याचे बोट कागदावर नाही त्याला मी उत्तर विचारत नाही, उत्तर बरोबर असेल हे दिसत असले तरी. पहिले दोन-तीन आठवडे हुशार मुलांना याचा राग येतो. त्यांना उत्तर येत असते आणि बोट शोधेपर्यंत दुसरा कोणीतरी बोलून जातो. पण नियम सोडू नका. ज्या मुलाला उत्तर पाठ आहे त्यालाच या सवयीची सर्वांत जास्त गरज असते, कारण पुढे कधीतरी त्याचे पाठ असलेले चुकीचे निघते आणि तोपर्यंत खाली पाहायची सवय मोडलेली असते.

प्रश्न तीन तऱ्हांचे तयार ठेवते. काहींचे उत्तर एकाच वाक्यात सरळ असते: नदी कुठे उगम पावते? काहींना दोन वाक्ये जोडावी लागतात: हिवाळ्यात मगरी उन्हात का पडतात? इथे कारण तिसऱ्या वाक्यात आणि कृती चौथ्यात आहे, म्हणून दोन बोटे लागतात. काही प्रश्नांचे उत्तर उताऱ्यात नसतेच. मगर किती वर्षे जगते? "शंभर!" "दोनशे!" मी गप्प बसते. हळूहळू बोटे कागदावरून फिरू लागतात, खाली जातात, पुन्हा वर येतात, आणि शेवटी एखादे मूल जरा घाबरत म्हणते, "काकू, यात लिहिलेलंच नाही."

तिसऱ्या तऱ्हेचा एक प्रश्न प्रत्येक तासात असू द्या, एवढे आग्रहाने सांगते. 'उताऱ्यात नाही' हे पूर्ण गुणांचे उत्तर आहे, हे मुलांना शाळेत क्वचितच कळते. छापलेल्या प्रश्नाला उत्तर असलेच पाहिजे, अशी त्यांची समजूत असते. मग ती ओढूनताणून आधार लावू लागतात.

कात्री

बोट ठेवायला जमले की लिखाण. आणि लिखाणात पहिला त्रास उतरवून काढण्याचा. उन्हात का पडतात याचे उत्तर म्हणून मुले तिसरे आणि चौथे वाक्य आख्खे उतरवतात. रंगीत पेन दिले तर अर्धा उतारा पिवळा होतो. म्हणून मी पेन देत नाही, खरोखरची कात्री देते.

प्रत्येक जोडीला उताऱ्याची एक जास्तीची प्रत. ज्या शब्दांवर उत्तर उभे आहे तेवढेच शब्द कापून वहीत चिकटवायचे. एकदा कापले की परत जोडता येत नाही, त्यामुळे कापण्याआधी मुले थांबतात, आणि ते थांबणेच मला हवे असते. एका सहावीतल्या मुलीने तिसरे वाक्य कापले. मग तिच्या जोडीदाराने विचारले, "मगरी थंड रक्ताच्या असतात हे कशाला?" तिने पुन्हा कात्री चालवली आणि तिच्या हातात उरली ती पट्टी अशी: "शरीराचे तापमान भोवतालच्या हवापाण्याप्रमाणे बदलते". ती पट्टी नखाएवढी होती, तिने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे करून पाहिली आणि म्हणाली, "एवढंच पुरतं?" पुरते. मगर स्वतःचे अंग स्वतः तापवू शकत नाही, म्हणून उन्हात येते. याला 'थंड रक्ताच्या' हा शब्द लागत नाही, शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असते हे लागते.

मोठ्या मुलांना मी शब्दांची मर्यादा घालते: अवतरण सात-आठ शब्दांच्या आत. मर्यादा कडक नाही, पण ती असली की निवड करावी लागते. अख्खे वाक्य उतरवणाऱ्या मुलाने काहीच निवडलेले नसते. निवडायचे काम त्याने वाचणाऱ्यावर सोडलेले असते.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक गोष्ट अवतरणात टाकायची गरज नाही. सन, आकडा, गावाचे नाव अशा गोष्टी मूल स्वतःच्या वाक्यात घालून वाक्य क्रमांक देऊ शकते. नेमक्या शब्दांवरच मुद्दा अवलंबून असेल तेव्हा ते शब्द जसेच्या तसे घ्यायचे.

मराठीत अवतरण बसवताना

इंग्रजी शाळेतली मुले तिकडची वाक्यरचना उचलून आणतात आणि मग वाक्य लंगडते. मराठीची स्वतःची सोय चांगली आहे, ती शिकवावी.

चिन्हांच्या आत एक काना-मात्राही बदलायची नाही, हा पहिला नियम. पण मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे रूप बदलते आणि इथेच मुले अडतात. "काही मगरी" हे शब्द उचलले आणि पुढे 'वरून' जोडायचे, तर होते "काही मगरींवरून", म्हणजे उताऱ्यात नसलेले रूप आणि भलताच अर्थ. यावर साधा उपाय आहे. प्रत्यय अवतरणाला लावू नका, 'शब्द' या शब्दाला लावा: "काही मगरी" या शब्दांवरून असे दिसते की... 'या शब्दांवरून', 'या शब्दांत', 'या वाक्यातून', 'असे म्हटले आहे' ही चार दारे मुलांना दिली की कोणतेही अवतरण न मोडता वाक्यात बसते.

दुसरी अडचण सर्वनामांची. चौथे वाक्य "त्यामुळे" ने सुरू होते आणि त्यात मगरींना "त्या" म्हटले आहे. ते तुकडा करून उचलले तर वाचणाऱ्याला 'त्या' म्हणजे कोण ते कळत नाही. मग चौकटी कंस: "हिवाळ्यात सकाळी [मगरी] काठावर येऊन ऊन खात पडतात". कंसातला शब्द माझा, बाकीचे उताऱ्याचे. मधले शब्द गाळले तर तीन टिंबे. पाचवीपर्यंत हे दोन्ही शिकवायची घाई करू नये. दुहेरी अवतरणचिन्हे उघडली ती बंद करायची, एवढे जरी पक्के झाले तरी पुष्कळ.

सुरुवातीला मी एक चूक करत होते. मुलांना सोपे जावे म्हणून "उताऱ्यात म्हटल्याप्रमाणे" असे ठरीव वाक्य पाठ करून घेतले. मुलांनी ते प्रत्येक उत्तरापुढे चिकटवले, ज्याला आधार होता त्यालाही आणि नव्हता त्यालाही. "उताऱ्यात म्हटल्याप्रमाणे मगरी फार धोकादायक असतात." उताऱ्यात असे कुठेच म्हटलेले नाही. ठरीव वाक्याने मुलाला आधार दिल्याचा भास होतो आणि शोधायचे काम राहून जाते. आता मी चिन्हे आधी शिकवते आणि असे वाक्य अगदी शेवटी.

यावरून

सर्वांत अवघड पायरी ही. मूल म्हणणे मांडते, आधार देते आणि थांबते. त्या दोघांना जोडणारे वाक्य लिहीत नाही, कारण त्याला ते उघड वाटते. पण आधार स्वतःहून बोलत नाही. जुन्या न्यायशास्त्रात डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, एवढ्यावर थांबत नाहीत; जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे सांगावे लागते. मुलांना मी हे पावागढचा डोंगर डोळ्यांपुढे आणून सांगते. पावागढावर धूर दिसला. म्हणून काय? म्हणून तिथे काही पेटले आहे, कारण धूर पेटल्याशिवाय येत नाही. तिसरा तुकडा लिहिला नाही तर पहिले दोन नुसते शेजारी बसलेले असतात.

एका सातवीतल्या मुलाच्या वहीतली दोन उत्तरे देते. प्रश्न होता: पावसाळ्यात नदीकाठच्या लोकांनी सावध का राहावे?

पहिल्या वेळी त्याने लिहिले: "नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे कारण 'काही मगरी पाण्याबरोबर वस्तीत शिरतात'."

वाईट नाही. पण मी समासात एवढेच लिहिले: यावरून? दुसऱ्या वेळी: "पूर आला की 'काही मगरी पाण्याबरोबर वस्तीत शिरतात' (वाक्य ७). यावरून दिसते की पुरात मगर नदीपुरती राहत नाही. म्हणजे एरवी काठावर न जाणाऱ्या माणसालाही ती घराजवळ दिसू शकते. आणि तिला मारणे हा गुन्हा आहे (वाक्य ८), म्हणून स्वतः काही न करता जाणत्या माणसांना बोलवावे."

'दिसू शकते' हे त्याने आपणहून लिहिले. 'दिसते' लिहिले असते तर मी पुन्हा परत दिले असते. शेवटचा सल्ला मात्र त्याचा स्वतःचा आहे, उताऱ्याचा नाही, आणि तो त्याने चिन्हांच्या बाहेर ठेवला. हे मी त्याला वर्गापुढे वाचायला लावले.

जोडवाक्य येत नसेल तर तोंडी सराव घ्या. मूल आधार वाचते, शेजारी म्हणतो "बरं, मग?" आणि मूल उत्तर देते. तीनदा "बरं, मग?" झाले की जोडवाक्य तयार असते. ते वहीत उतरवायचे.

च, ही, काही, मुख्यतः

यावर मी पूर्ण एक रविवार घालवते आणि तो दर वेळी कारणी लागतो. पाचवे वाक्य पुन्हा पाहा. "मगरी मुख्यतः मासे खातात." मुले उत्तरात लिहितात, "मगरी मासेच खातात." एका 'च' ने सगळे बदलले. उताऱ्याचा पुढचा भाग तर त्याच्या विरुद्ध आहे: "इतर जनावरेही त्या पकडतात". त्या 'ही' वर बोट ठेवायला लावते. मराठीत अर्थाची केवढी तरी ओझी ही चिमुकली अक्षरे वाहतात, आणि ती शब्दाला चिकटून असल्यामुळे भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे उताऱ्यातले शब्द: काही, मुख्यतः, कधीकधी, साधारणपणे, -ही, -ू शकते. उजवीकडे मुलांच्या उत्तरातले: सगळ्या, नेहमी, फक्त, -च, -ते. डावीकडच्या शब्दांवरून उजवीकडे उडी मारली की आधार तुटतो. सातव्या वाक्यातला 'काही' गाळून "मगरी पाण्याबरोबर वस्तीत शिरतात" असे अवतरण देणारी मुले निघतील. शब्द सगळे उताऱ्यातलेच आहेत, तरी अवतरण खोटे झाले. हे त्यांना स्पष्टपणे सांगा. गाळण्याने अर्थ बदलत असेल तर गाळायची परवानगी नाही.

"शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण इथे नेहमी निघते, कोणीतरी आजीकडून ऐकलेली असते. मग मी विचारते, शितावरून भात का कळतो? कारण एकाच पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच वेळी, एकाच आचेवर शिजलेले असतात. उताऱ्यातल्या एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल बोलायचे असेल तर आधी विचारावे: हे एकाच पातेल्यातले आहेत का?

इतिहासाच्या उताऱ्यात 'नंतर' आणि 'मुळे'

मगरी जमल्या की इतिहासाकडे वळते. बडोद्यात विषय शोधायला लांब जावे लागत नाही. माझ्या दुसऱ्या उताऱ्यात एवढी माहिती आहे: महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये ही सक्ती संपूर्ण बडोदे संस्थानात लागू झाली. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आले आणि १९१३ पर्यंत इथे होते. त्यांच्या काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग निघाला आणि पेट्यांत पुस्तके भरून खेड्यापाड्यांत पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली.

प्रश्न: शाळांची सक्ती झाल्यामुळे ग्रंथालये सुरू झाली का?

जवळजवळ सगळी मुले "हो" म्हणतात आणि दोन्ही सने आधार म्हणून देतात. १९०६ आधी, १९१० नंतर, म्हणून हो. इथे थांबवा. 'मुळे' हा शब्द उताऱ्यात कुठे आहे? नाही. 'नंतर' दाखवता येते, कारण सने आहेत. 'मुळे' दाखवायला वेगळे शब्द लागतील: कोणी तसे म्हटल्याचे, किंवा 'म्हणून', 'त्यामुळे', 'या हेतूने' असे काही. मगरींच्या चौथ्या वाक्यात "त्यामुळे" होते, ते आठवून द्या. तिथे कारण उताऱ्यानेच दिले होते. इथे दिलेले नाही.

याचा अर्थ मुलांचा अंदाज चूक आहे असे मुळीच नाही. ज्यांना वाचायला शिकवले त्यांच्या हाती पुस्तके पोहोचावीत हा विचार त्या काळच्या बडोद्यात खरोखर होता. पण या उताऱ्यावरून ते म्हणता येत नाही. मुलांनी असे लिहावे: "सक्तीनंतर चार वर्षांनी बॉर्डन आले. दोन्ही गोष्टींचा संबंध असावा असे वाटते, पण या उताऱ्यात तसे सांगितलेले नाही." त्यातले 'असावा असे वाटते' मला फार मोलाचे वाटते. मोठ्यांच्या लिखाणातही ते इतक्या प्रामाणिकपणे नेहमी दिसत नाही.

आठवीच्या मुलांना यापुढचे काम देता येते. दुसरा एखादा मजकूर शोधून आणा, ज्यात तो दुवा स्पष्ट शब्दांत असेल, आणि मग दोन उतारे मिळून उत्तर लिहा. मध्यवर्ती ग्रंथालय आपल्या गावातच आहे. मुलांना घेऊन तिथे एकदा जाच.

तपासताना

गुण चार. म्हणणे स्पष्ट आहे, एक. आधार नेमका आणि तंतोतंत आहे, दोन. जोडवाक्य आहे, एक. उत्तर चुकले पण आधार खरा असून त्याचा अर्थ लावताना गफलत झाली, तर मी तीन देते. उत्तर बरोबर पण आधार नाही, तर एकच. पालक विचारायला येतात. त्यांना मी वही उघडून दाखवते, कारण माझ्या गुणांनाही कशावरून असतेच.

माझ्याआधी मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात. त्यासाठी एक खेळ आहे: उत्तर हाताने झाकायचे, फक्त अवतरण वाचायचे आणि प्रश्न काय असेल ते ओळखायचे. जोडीदाराला प्रश्न ओळखता आला तर अवतरण नेमके आहे. "यावरून काहीही विचारता येईल" असे तो म्हणाला तर कात्री अजून चालवायची आहे.

वेळापत्रक विचाराल तर, वस्तू आणि 'म्हणे' साठी एक रविवार, बोट ठेवण्यासाठी तीन, कात्री आणि चिन्हांसाठी तीन, जोडवाक्यासाठी चार, लहान शब्दांसाठी एक, इतिहासाला दोन. लहान मुले कात्रीपर्यंत येऊन थांबली तरी चालेल. घरी रोज दहा मिनिटे पुरतात. औषधाच्या पुडीवरची सूचना, सोसायटीची नोटीस, बागेतल्या झाडावरची पाटी, काहीही चालते. फक्त मोठ्यांनी उत्तर सांगून टाकू नये.

क्रमांक कायम ठेवायचे नाहीत. साधारण चौथ्या महिन्यात एखादे मूल न विचारता "वाक्य सहा" म्हणू लागते, कागदाकडे पाहून मगच तोंड उघडते. असे निम्म्या वर्गाचे झाले की क्रमांक नसलेला, दोन परिच्छेदांचा, वर्तमानपत्रातून जसाच्या तसा कापलेला मजकूर वाटा. पहिली पाच मिनिटे गोंधळ होईल. मग कोणीतरी पेन्सिल काढून समासात स्वतःच एक, दोन, तीन घालायला लागेल. घालू द्या.